बिनविम्याची गाडी : दंड, दावा आणि देणे



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे ती चाल महाराष्ट्रात गावोगावी गेली. अशा व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्या पंक्तीत 'गाडीचा विमा' हा विषय म्हणजे पुरणपोळीच्या ताटात वाढलेली कडुलिंबाची चटणी आहे, हे आम्ही जाणून आहोत. पण चैत्रात कडुलिंब खावा, असे वाडवडिलांनीच सांगून ठेवले आहे. तेव्हा आजची संध्याकाळ आपण ती चटणी गोड मानून घ्यावी, एवढीच प्रार्थना.

आम्ही वकील नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, सभेत, आणि कामगारांच्या दाव्यांसाठी कोर्टाच्या बाकावर ताटकळत बसून झाले. कायद्याचे पुस्तक हाती आले ते कोणाचे तरी पोट अडले म्हणून. त्यामुळे आम्ही जे सांगणार आहोत त्यात विद्वत्ता नाही. ठेच मात्र आहे. आणि पहिली ठेच आमची स्वतःचीच आहे.

आमच्या युनियनची एक जुनी जीप आहे. सभा, मोर्चे, आजारी कामगाराला दवाखान्यात नेणे, सगळ्याला तीच. तिच्यावर पगारी चालक आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री शेजारच्या तालुक्यातली सभा आटोपून आम्ही परत येत होतो. नाक्यावर हवालदाराने हात केला. लायसन्स निघाले, आर. सी. बुक निघाले, धुराच्या तपासणीचा कागद निघाला. विम्याचा कागद निघाला, पण त्याची मुदत तेवीस दिवसांपूर्वीच संपलेली होती.

आता खरे सांगतो, जीपवर लाल निशाण होते आणि आमच्या मनात गुर्मी होती. आम्ही खाली उतरलो आणि हवालदारालाच कायदा शिकवू लागलो. म्हटले, "अहो, मुदत संपल्यावर नव्वद दिवसांची सवलत असते." तो वयाने पोरसवदा होता, पण शांतपणे म्हणाला, "साहेब, ती सवलत बोनसची. विम्याची नाही." आम्ही गप्प झालो, कारण तो म्हणाला तेच खरे होते. वर्षभरात नुकसानीचा दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात जी सूट मिळते, ती मुदत संपल्यावर नव्वद दिवसांपर्यंत टिकते. त्या नव्वद दिवसांत रस्त्यावर गाडी चालविण्याची मोकळीक कोणी दिलेली नाही. ज्या घटकेला विम्याची मुदत संपते, त्या घटकेपासून गाडी बिनविम्याची. तेवीस दिवस काय आणि एक दिवस काय, फरक नाही.

दोन हजार रुपयांचा दंड झाला. पण ठेच लागली ती त्या रकमेची नव्हे. दुसऱ्या दिवशी कचेरीत हिशेब मांडताना आमचे खजिनदार सहज म्हणाले, "गाडी चालवत कोण होता? चालकाच्या पगारातून कापून घ्या." आणि आम्हीही मान डोलावली! चालक कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "अण्णा, कागदाचं कपाट तुमच्याकडं. किल्ली तुमच्याकडं. मला काय माहीत?" तीस वर्षे आम्ही मालकांना जे सुनावीत आलो, ते आमच्याच चालकाने आम्हांला एका वाक्यात सुनावले. त्या दिवशी आम्ही कायद्याचे पुस्तक पुन्हा उघडले.

पुस्तकात काय आहे ते पाहा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 146 वे कलम सांगते की, सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर तिच्यावर निदान त्रयस्थाच्या जोखमीचा विमा हवाच. त्रयस्थ म्हणजे गाडीचा मालकही नव्हे आणि विमा कंपनीही नव्हे, तर रस्त्यावरचा तिसरा माणूस. आपण बोलताना 'थर्ड पार्टी' म्हणतो तोच. आणि हा नियम नुसता चालविणाऱ्याला नाही. जो स्वतः चालवतो, जो दुसऱ्याकडून चालवून घेतो आणि जो दुसऱ्याला चालवू देतो, ते तिघेही त्यात येतात. मेहुण्याला बाजारात जायला स्कूटर दिली आणि विमा संपलेला असेल, तर मेहुण्याबरोबर आपणही गुन्हेगार.

मात्र त्याच कलमाखाली एक खुलासा आहे. जो केवळ पगारी नोकर म्हणून गाडी चालवतो, त्याला गाडीचा विमा नाही हे ठाऊक नसेल आणि तसे मानायला कारणही नसेल, तर त्याच्याकडून कलमाचा भंग झाला असे धरले जात नाही. म्हणजे आमच्या चालकाने कोपऱ्यात उभे राहून जे म्हटले, ते कायद्याने आधीच म्हणून ठेवले होते. दंड युनियनने भरला, चालकाच्या पगाराला हात लावला नाही, आणि खजिनदारांनी व आम्ही त्याची माफी मागितली.

शिक्षा सांगते ते 196 वे कलम. 1 सप्टेंबर 2019 पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. त्या तारखेपासून पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार, आणि कैदेची तरतूद तीच. हा गुन्हा तडजोडीचा आहे, म्हणजे ठरलेली रक्कम भरून तो मिटवता येतो. म्हणून लोकांना वाटते की बिनविम्याची गाडी चालविणे हे दोन हजारांचे प्रकरण आहे. पकडले तर पकडले, पावती फाडू आणि पुढे जाऊ.

इथेच आपण फसतो. बिनविम्याच्या गाडीवाल्याला पकडणारे दोघे असतात. एक हवालदार आणि दुसरा अपघात. हवालदाराने पकडले तर दोन हजारांत सुटका आहे. अपघाताने पकडले तर सुटका नाही. आमच्या मते नाक्यावर अडविणारा हवालदार त्या रात्री आमच्यावर उपकारच करीत होता. असे का म्हणतो, ते आता सांगतो.

आपल्या गावातली गोष्ट आहे. नावे सांगणार नाही, कारण दोन्ही घरे इथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि दोन्ही घरे आमचीच आहेत. 2022 सालचा पावसाळा. आमचा एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी संपवून पहाटे सायकलीवरून घरी निघाला होता. वय बत्तीस. तुकड्यावरची मजुरी, महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. घरी बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. समोरून दुसऱ्या कारखान्यातला जॉबर मोटारसायकलवरून पहिल्या पाळीला येत होता. तोही आमचाच सभासद, वर्गणी कधी चुकविली नाही असा. उशीर झाला म्हणून वेगात होता. वळणावर गाडी घसरून सायकलीवर गेली. जॉबर पळाला नाही. त्यानेच रिक्षा थांबविली, जखमीला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेले. दुपारी तो सायकलवाला गेला.

मोटारसायकलचा विमा चार महिन्यांपूर्वी संपला होता. त्या मापाच्या दुचाकीचा, म्हणजे पंचाहत्तर ते दीडशे सी.सी. इंजिनाच्या दुचाकीचा त्रयस्थ विमा, जून 2022 पासून लागू झालेल्या दराने, वर्षाला सातशे चौदा रुपये अधिक कर. जॉबर आम्हांला म्हणाला, "अण्णा, पुढच्या पगाराला भरू म्हणून ठेवला होता. मग शाळा सुरू झाली." यात आम्हांला नवल वाटले नाही. वाण्याची उधारी, मुलांची वह्यापुस्तके, घरभाडे, ही देणी दारात येऊन उभी राहतात. विम्याचे देणे मुके असते. ते दार ठोठावीत नाही.

अशा प्रकरणात भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा असतो. भरपाई कशी मोजतात ते आपण जरा ध्यानात घ्या, कारण गाडीवाल्यांपैकी शंभरातल्या नव्वदांना तो हिशेब माहीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 साली दिलेल्या दोन निकालांनी त्याची रीत घालून दिली आहे. मृताचे उत्पन्न महिना पंधरा हजार. चाळीस वर्षांच्या आतला, स्वतःचा धंदा किंवा ठराविक वेतन असलेला माणूस असेल, तर पुढे वाढणाऱ्या कमाईबद्दल चाळीस टक्के मिळवावयाचे. म्हणजे एकवीस हजार. पाठीमागे चार माणसे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे झाले एक लाख एकोणनव्वद हजार. बत्तीस वर्षे वयाला सोळाने गुणावयाचे. झाले तीस लाख चोवीस हजार. अंत्यविधी वगैरेंच्या ठराविक रकमा वर, आणि व्याजही वर.

बंधूंनो, हा कोणा बड्या अधिकाऱ्याच्या जिवाचा हिशेब नाही. हा एका यंत्रमाग कामगाराच्या जिवाचा हिशेब आहे. आणि तो जास्त आहे असे कोणी म्हणू नये. बापाविना वाढणाऱ्या दोन मुलांना तो कमीच आहे.

विमा चालू असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. आणि केव्हा केव्हा विम्याची शर्त मोडली गेली असली, उदाहरणार्थ चालकाचे लायसन्स बरोबर नसले, तरी न्यायालये कंपनीला सांगतात की, आधी त्रयस्थाला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. म्हणजे विधवेला मालकाच्या मागे धावावे लागत नाही. पण विमाच नसेल तर कंपनीही नाही. मग हुकूम होतो तो चालविणाऱ्यावर आणि गाडीच्या मालकावर. इथे ती दोन्ही नावे एकाच माणसाची होती. त्याचा पगार अठरा हजार.

त्या विधवा भगिनीला न्यायाधिकरणाचा हुकूम मिळाला. ती तो घेऊन आमच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "अण्णा, कागद मिळाला. पैसे कधी मिळतील?" त्याच दिवशी संध्याकाळी जॉबरही आला. त्याच हुकमाची नक्कल त्याच्या हातात होती. तो म्हणाला, "अण्णा, मी नाही म्हणत नाही. पण आणू कुठून?" आम्ही आयुष्यभर कामगाराच्या बाजूने उभे राहिलो. त्या दिवशी कामगार दोन्ही बाजूंना होता.

वसुली कशी होते? 174 व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला देते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे तहसील कचेरीची नोटीस, जप्ती, लिलाव. शिवाय अपघातात सापडलेली बिनविम्याची गाडी मालकाला सहजासहजी परत मिळत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना याबद्दल नियम करावयास सांगितले. मालकाने भरपाईपुरते तारण दिले तर गाडी सोडावी, तीन महिन्यांत दिले नाही तर ती विकून पैसा न्यायाधिकरणाकडे जमा करावा, अशी ती रीत आहे. आमच्या जॉबरची मोटारसायकल विकली गेली. बावीस हजार रुपये आले. तीस लाखांत बावीस हजार.

युनियनच्या कार्यकारिणीत दोन रात्री वाद झाला. कोणी म्हणाले, जॉबर गरीब आहे, त्या बाईची समजूत घाला. आम्ही म्हटले, नाही. गरिबीच्या नावाने देणे बुडवायचे तर ते कोणाचे बुडवायचे? तिचे? ती तर त्याच्याहून गरीब झाली आहे. कोणी म्हणाले, महिना चार हजारांचा हप्ता बांधून द्या. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तीस लाखांना चार हजारांनी भागले तर साडेसातशे महिने. म्हणजे साडेबासष्ट वर्षे. व्याज धरलेलेच नाही. जॉबरचे वय तेव्हा सेहेचाळीस होते. हिशेब पाहून कोणी बोलेना.

शेवटी जॉबरने आपले दोन खोल्यांचे घर विकले. त्यावरचे कर्ज फेडून सात लाख उरले, ते त्याने न्यायाधिकरणात भरले. पगारातून हप्ता चालू आहे. आज दोन्ही कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात. त्या भगिनीने कांडी मशीनवर काम धरले आहे. जॉबरच्या मुलीने कॉलेज सोडले आहे. सातशे चौदा रुपयांनी हे सगळे टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. गेलेला माणूस विम्याने परत आला नसता. पण मरण एका घरात आले होते, ते दुसऱ्या घरात शिरले नसते. आणि पहिल्या घराला निदान भाकरीची काळजी राहिली नसती.

आता कोणी विचारील, सरकारचा काही फंड नाही काय? आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्या. धडक देऊन गाडी पळून गेली आणि ती सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. मे 2025 पासून केंद्राची एक योजना आहे. तिच्यात अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळतात, मग गाडीचा विमा असो वा नसो. ही योजना चांगलीच आहे, तिचा लाभ जरूर घ्यावा. पण गाडी माहीत आहे, मालक माहीत आहे आणि विमा मात्र नाही, अशा वेळी तीस लाखांची भरपाई कोणी फंडातून देत नाही. चूक कोणाची हे न पाहता द्यावयाची मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, अशीही तरतूद कायद्यात आहे. पण ते पैसे द्यावयाचे विमा कंपनीने किंवा मालकाने. कंपनी नसेल तर पुन्हा मालकच.

या प्रकरणाने आम्हांला एक जुनी गोष्ट नव्याने कळली. आमच्या चळवळीत 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला मोठे स्थान आहे. त्याच्या आधी यंत्रात हात गेला की, 'तुझाच हलगर्जीपणा' किंवा 'तुझ्याच सोबत्याची चूक' असे म्हणून मालक मोकळा होत असे. त्या कायद्याने तत्त्व घातले की, ज्याच्या कामासाठी यंत्र चालते त्याने त्या यंत्राच्या जोखमीचा भार उचलावा. मोटारगाडीही यंत्रच आहे. फरक एवढाच की, हे यंत्र कारखान्याच्या भिंतीआड न राहता रस्त्यावर, शाळेसमोर आणि बाजारात चालते, आणि त्याचा घाव बसतो त्याचा त्या यंत्राशी काही संबंध नसतो. म्हणून इंग्लंडात 1930 साली त्रयस्थाचा विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे 1939 च्या मोटार कायद्यात ती तरतूद आली आणि 1946 पासून ती अमलात आली. हक्क देणे सोपे असते. हक्काचे पैसे देणारा कोणीतरी उभा करणे कठीण असते. त्रयस्थ विमा म्हणजे तो देणारा उभा करणे.

म्हणून त्या विम्याकडे 'माझा विमा' म्हणून पाहू नका. तो आपला नाहीच. तो त्या सायकलवाल्याचा आहे, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचा आहे, दप्तर घेतलेल्या पोराचा आहे. आपण फक्त त्याचा हप्ता भरणारे. तो भरला नाही तर आपण स्वतःचे नुकसान करतो असे नाही, परक्याच्या हक्काचा पैसा बुडवतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण नुसते तत्त्व सांगून सभा सोडणे आमच्या पेशाला शोभत नाही.

पहिली गोष्ट. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. सोय चांगली आहे, पण पाच वर्षांत माणूस विसरतो. ज्यांनी त्या वेळी दुचाक्या घेतल्या, त्यांच्या पहिल्या मुदती 2023 पासून संपू लागल्या. अनेकांना वाटते, 'मी विमा भरलेला आहे.' भरलेला होता, हे खरे. आहे की नाही, ते तारीख पाहून सांगा.

दुसरी गोष्ट. अपघात झाल्यावर धावत जाऊन विमा काढणारे लोक आहेत. कागदावर तारखेबरोबर वेळही असते. सकाळी अकराला अपघात आणि दुपारी तीनपासून विमा, असे असेल तर तो विमा त्या अपघाताला लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलेले आहे. शिवाय हप्त्याचा चेक वटला नाही, तर हाती कागद असूनही भांडण उभे राहते.

तिसरी गोष्ट. गाडी विकली, पैसे घेतले, टी. टी. फॉर्मवर सही करून दिली आणि विसरून गेलो, असे पुष्कळांचे होते. आर.टी.ओ.च्या दप्तरी आपलेच नाव राहिले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने मालक आपणच. 2018 सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितले. घेणाऱ्याने विमा भरला नाही आणि अपघात केला, तर हुकूम आपल्या नावावर होतो. गाडीची किल्ली देण्याआधी नाव बदलल्याची खात्री करा.

चौथी गोष्ट आमच्या चालक बंधूंना. पगारी नोकर म्हणून फौजदारी गुन्ह्यातून तुम्हांला सूट आहे, पण ठाऊक नसेल तरच. आणि भरपाईच्या हुकमात मात्र चालविणाऱ्याचे नाव मालकाच्या बरोबरीने येते. शिवाय टेंपोवर तुम्हांलाच दुखापत झाली तर विम्याच्या अभावी तुमचा दावाही एकट्या मालकाच्या ऐपतीवर लोंबकळतो. म्हणून कामावर पहिल्या दिवशी मालकाला विचारा, 'विम्याचा कागद दाखवा.' विचारायला भीती वाटत असेल तर युनियनला सांगा, आम्ही विचारू.

पाचवी गोष्ट जखमींच्या घरच्यांना. गाडीचा नंबर टिपून ठेवा, पोलिसांत नोंद करा, आणि विमा आहे की नाही याची चौकशी लगेच करा. 1 एप्रिल 2022 पासून भरपाईच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीवर वाद उभे राहिले आहेत, पण वादाच्या भरवशावर कोणी थांबू नये. आणि आपल्याला धडकणारा माणूस ओळखीचा, जातीचा, युनियनचा आहे म्हणून दावा सोडून देऊ नये. आम्ही स्वतः ते पाप करता करता थांबलो.

आमच्या कचेरीत आता एक वही आहे. प्रत्येक सभासदाच्या गाडीची विम्याची तारीख तिच्यात लिहिलेली असते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी आमचा कारकून फाटकावर जाऊन आठवण देतो. ज्याला त्या महिन्यात जमत नाही, त्याला युनियन उसने देते आणि तीन पगारांत परत घेते. वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव आमच्या जीपचे आहे. ती वही लिहिण्याचे काम कोणी मागून घेतले असेल, तर त्या जॉबरने. दर रविवारी तो येतो, तारखा तपासतो आणि निघून जातो. त्यावर आम्ही त्याच्याशी कधी काही बोललो नाही.

आमचे बोलणे संपले. टाळ्या वाजविल्या नाहीत तरी चालेल. आज इथून घरी गेल्यावर जेवणाआधी कपाट उघडा, नाहीतर फोनमध्ये पाहा, आणि आपल्या गाडीच्या विम्याची तारीख मोठ्याने वाचा. घरातल्या माणसांना ऐकू जाईल अशी वाचा. मुदत संपलेली असेल तर उद्या सकाळी गाडी घरी ठेवून पायी कामाला जा, आणि विमा काढून मगच तिला हात लावा. वाटेत एखादा सायकलवाला भेटेल. तो तुम्हांला ओळखणार नाही. पण तो कागद त्याचाच आहे.